वादळ लवकर आलं म्हणे!



हरिकेन हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा आला तो कंदील होऊन. ज्या चाळीत, ज्या झोपडीत वीज नव्हती तिथं खिळ्याला हरिकेन टांगलेला असायचा. काच काळी झाली की राखेनं पुसायची. वारा सुटला तरी विझत नाही म्हणून हरिकेन, असं म्हातारी माणसं सांगत. अटलांटिक समुद्रातून उठून कॅरिबियन बेटांवर, मेक्सिकोवर, अमेरिकेवर आदळणाऱ्या वादळाचं हे नाव, हे मागाहून कळलं. आपल्याकडं त्यालाच चक्रीवादळ म्हणतात. जात एकच. समुद्र बदलला की नाव बदलतं.

आज लिहायचंय ते बेरिल नावाच्या हरिकेनबद्दल. साल २०२४. त्याहून जास्त लिहायचंय ते ऐकून जग काय बोललं त्याबद्दल. कारण वादळाच्या वेळी माणूस काय बोलतो यावरून तो कितव्या मजल्यावर राहतो ते समजतं.

आधी घडलं काय ते सांगतो.

२८ जून २०२४ ला अटलांटिकमध्ये, बेटांपासून लांब पूर्वेला, कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. २९ ला त्याचं हरिकेन झालं. ३० ला ते चौथ्या श्रेणीत गेलं. जून महिन्यात चौथ्या श्रेणीचं हरिकेन अटलांटिकच्या नोंदवहीत त्याआधी नव्हतंच. साध्या कमी दाबापासून मोठं हरिकेन व्हायला त्याला ४२ तास पुरले. १ जुलैला सकाळी ते ग्रेनाडा देशाच्या कॅरिआकू बेटावर चढलं. त्याच रात्री पुढं समुद्रात पाचव्या श्रेणीत गेलं. पाचवीच्या वर श्रेणी नाही. याआधी सगळ्यात लवकर पाचवी गाठली होती ती २००५ सालच्या एमिलीनं, तीही जुलैच्या मध्यावर. बेरिलनं दोन आठवड्यांनी रेकॉर्ड मोडला.

झालं. जगभरच्या वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. ‘अभूतपूर्व’, ‘अकाली’, ‘लवकर’. टीव्हीवरचे कोटवाले नकाशापुढं उभे राहून हात फिरवायला लागले. जो तो आश्चर्यचकित.

आश्चर्य कसलं त्यात? हरिकेन हे वाफेचं इंजिन आहे. गरम पाण्याची वाफ हा त्याचा कोळसा. अटलांटिकचा तो पट्टा एरवी पुरता तापेस्तोवर ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, म्हणून मोसमाचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास असतो. २०२४ ला तिथलं पाणी जूनमध्येच सप्टेंबरसारखं तापलेलं होतं. ते का तापलं हेही शाळकरी पोराला माहीत आहे. गिरण्या, मोटारी, विमानं, वीजघरं यांनी कोळसा आणि तेल जाळून आभाळात धूर कोंडला. त्यानं अडवलेली जास्तीची उष्णता शंभरातली नव्वद भाग समुद्रानं गिळली. अमेरिकेच्या हवामानवाल्यांनी मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं की यंदा १७ ते २५ वादळं होतील. मे महिन्यातला एवढा मोठा अंदाज त्यांनी त्याआधी कधी दिला नव्हता. आणि हरिकेनचा सरकारी मोसम सुरूच होतो १ जूनला. म्हणजे बेरिल दार उघडल्यावरच आत आलं. पाण्याला चूल लावणारेच, पाणी उकळलं म्हणून तोंडावर हात ठेवून बसले.

‘लवकर’ हा शब्द मला म्हणून खटकतो. तो घड्याळवाल्यांचा शब्द आहे. ज्याच्या घराला स्लॅब आहे, स्लॅबला विमा आहे, विम्याला वकील आहे, त्याचं सगळं वेळेवर ठरलेलं असतं. त्याच्यासाठी वादळ लवकर येतं किंवा उशिरा येतं. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याच्यासाठी ते नुसतं येतं.

आता कुणी काय केलं ते एकेक बघू. सुरुवात आपल्यापासून.

२९ जूनला, बेरिल हरिकेन झालं त्याच दिवशी, बार्बाडोस बेटावर ब्रिजटाऊन शहरात टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल झाली. भारतानं दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं. मग वादळ जवळ आलं, विमानतळ बंद झाला, टीम हॉटेलात अडकली. भारतातल्या करोडो लोकांना बेरिल हे नाव माहीत झालं ते असं. आमच्या टोळीतले लोक जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढून एकच विचारत, ‘आपली पोरं निघाली का?’ खास विमान गेलं. ४ जुलैला सकाळी टीम दिल्लीत उतरली आणि संध्याकाळी मुंबईत. नरिमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून मिरवणूक. स्टेडियममध्ये १२५ कोटींचा चेक.

मीही त्या गर्दीत होतो. पाळी संपवून चालत गेलो आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. त्याची मला लाज नाही. आपल्या वस्तीतलं पोर रबरी बॉलनं खेळतं तेव्हा ते पण त्याच बसच्या टपावर उभं असतं. पण त्याच ब्रिजटाऊनमध्ये, टीमच्या हॉटेलपासून फार लांब नाही अशा मच्छीबंदरात, २०० च्या आसपास मच्छीमार बोटी लाटांनी एकमेकींवर आपटून फुटल्या, बुडाल्या. बोट फुटली की कोळ्याचा हात तुटतो. हे ससून डॉकवाल्यांना सांगायला नको, मला पण नको. त्या गर्दीत, त्या रात्री, एकाही तोंडातून त्या बोटींचं नाव निघालं नाही. तोच समुद्र, तेच शहर, तोच वारा. आपल्याला दिसली फक्त आपली माणसं.

आणि मिरवणूक संपल्यावर मरीन ड्राइव्हवर काय उरलं? चपलांचे ढीग, बाटल्या, ११ टनांच्या वर कचरा. रातोरात झाडून सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी रस्ता लख्ख. झाडू कुणाच्या हातात होते हे मी या मासिकाच्या वाचकाला सांगत बसत नाही.

दुसरी माणसं ह्यूस्टनची. बेरिल बेटांवरून जमैकाच्या अंगाला घासत, मेक्सिकोवरून ८ जुलैला अमेरिकेच्या टेक्सास राज्यात चढलं. तोवर त्याचा दम गेलेला, पहिल्या श्रेणीवर आलेलं. तरी ह्यूस्टन भागात एकाच वीज कंपनीच्या, सेंटरपॉइंटच्या, २२ लाखांवर ग्राहकांची वीज गेली. पुढं कित्येक दिवस भाजून काढणारा उकाडा. कुणाच्या घरात ऑक्सिजनचं मशीन बंद, कुणाचं इन्सुलिन गरम. माणसं वाऱ्यानं मेली त्याहून उकाड्यानं मेली असतील असे ते दिवस. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातलं तेलाचं शहर हे! आणि वीज कुठं आहे, कुठं नाही याचा धड नकाशा कंपनीकडं नव्हता. लोकांनी काय करावं? व्हॉटाबर्गर नावाच्या खानावळीच्या ॲपवर कुठली दुकानं उघडी आहेत ते बघून, तिथं वीज आली असेल असा अंदाज बांधला. भजीवाल्याची चूल पेटली का बघून गावाला वीज आली का ठरवायचं, तसं.

लोक चिडले. हायवेच्या पुलावर कुणी तरी कंपनीच्या नावाची टर उडवून मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलं. मला ते आवडलं. ते पण आपल्यासारखं संपादकीयच, फक्त भिंतीवरचं. पण रागाची दुसरी तऱ्हा आवडली नाही. तारा जोडायला दुसऱ्या राज्यांतून आलेल्या लाइनमनना शिव्या, धमक्या, पिस्तुलं. जो माणूस खांबावर चढून तुझी तार जोडतोय त्याच्यावरच नळी रोखायची. कंपनीच्या काचेच्या ऑफिसापर्यंत कुणाचं पिस्तूल गेलं नाही. राग नेहमी हाताला लागेल त्याच्यावर उतरतो आणि हाताला लागतो तो कामगार. हे इथंही होतं. नाल्याचं पाणी घरात शिरलं की लोक मॅनहोलवरच्या माणसाची गचांडी धरतात. टेंडर ज्याच्या खिशात गेलं त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो.

तिसरी तऱ्हा पैशाची. ही नीट वाचा, कारण ही बातमी पहिल्या पानावर येत नाही.

जमैकानं मे २०२४ मध्ये जागतिक बँकेमार्फत एक रोखा काढला होता. १५ कोटी डॉलरचा. मोठं वादळ आलं तर गुंतवणूकदारांचे पैसे जमैकाला, नाही आलं तर जमैकानं त्यांना व्याज द्यायचं. मोठं वादळ म्हणजे काय? मेलेली माणसं मोजायची नाहीत, मोडलेली घरं मोजायची नाहीत. हवेचा दाब मोजायचा. नकाशावरच्या ठरावीक चौकोनात तो ठरावीक आकड्याखाली गेला तर पैसे. ३ जुलैला बेरिल जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला खरवडत गेलं, छपरं गेली, केळी झोपली, विजेचे खांब पडले. पण दाब पुरेसा उतरला नाही. एक डॉलर मिळाला नाही. कुठं तरी वातानुकूलित खोलीत बेरिलची बातमी ऐकून माणसांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. त्यांच्या हिशोबात वादळ झालंच नव्हतं.

पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर २०२५ ला, मेलिसा नावाचं हरिकेन पाचव्या श्रेणीत, ८९२ मिलीबार दाबानं जमैकावर चढलं. पश्चिम जमैका भुईसपाट. तेव्हा रोख्याचे १५ कोटी पुरे मिळाले. म्हणजे पैसे मिळायला एवढं मरावं लागतं.

ग्रेनाडाची गोष्ट थोडी वेगळी. २००४ साली आयव्हन आणि २००५ साली एमिली, अशा दोन हरिकेननी त्या देशाचं कंबरडं मोडलं होतं. कर्ज फेडता येईना. मग सावकारांशी वाटाघाटी करताना त्यांनी एक अट घालून घेतली. पुन्हा हरिकेन आलं तर हप्ते काही काळ थांबवायचे. बेरिलनंतर, २०२४ मध्ये, ग्रेनाडानं ती अट वापरली. रोख्यातली अशी अट वापरणारा तो जगातला पहिला देश. बेटांच्या सामायिक विमा निधीतूनही ग्रेनाडाला ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. शहाणपणाचं काम केलं, मी टाळ्या वाजवतो. पण ध्यानात घ्या, कर्ज माफ झालं नाही. हप्ता पुढं सरकला आणि मुद्दलाच्या शेपटीला बांधला गेला. मुकादमाकडून उचल घेतलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बायको आजारी पडली तर मुकादम म्हणतो, ‘या महिन्यात कापत नाही, जा.’ आपण त्याला भला माणूस म्हणतो. वहीतला आकडा तिथंच असतो.

आता ज्यांच्या अंगावर वादळ पडलं त्यांच्याकडं येऊ. बातमीत ते शेवटी येतात, म्हणून इथंही शेवटी आले असं समजू नका. त्यांच्यापाशी थांबायचं म्हणून त्यांना मागं ठेवलं.

कॅरिआकू केवढं? चौतीस चौरस किलोमीटर. शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटासकट वस्ती नऊ-दहा हजार. बहुतेक सगळी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. मोठ्या ढोलावर नाचताना आपले पूर्वज आफ्रिकेतल्या कुठल्या जमातीचे ते आजही आठवतात. लाकडी जहाजं हातानं बांधण्याची त्यांची कला २०२३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. सात महिन्यांत वादळ आलं. अर्ध्या तासात बेट सपाट झालं, असं ग्रेनाडाचे पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले. ९८ टक्के इमारती मोडल्या किंवा खिळखिळ्या झाल्या, असं सरकारनं सांगितलं. बेटावरच्या एकुलत्या एका हॉस्पिटलची तीच गत. वादळात होड्या जिथं आडोशाला नेऊन बांधतात ती खारफुटीची झाडं पानं झडून काड्या झाली. शेजारच्या युनियन बेटावर १०० तली ९० घरं गेली. ते बेट सेंट व्हिन्सेंट देशाचं. त्याच देशाच्या मोठ्या बेटावर आठवड्यापूर्वी वर्ल्ड कपची मॅच झाली होती, आणि आपण इथं रन मोजत होतो.

या माणसांनी आभाळात किती धूर सोडला? होडीच्या इंजिनाचा आणि चुलीचा. बिल मात्र त्यांच्या दारात पहिलं.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान खात्याचे प्रमुख सायमन स्टील हे या कॅरिआकूचेच. जगभरच्या परिषदांत सूटबूटवाल्यांना विनवण्या करणारा हा माणूस वादळानंतर गावी गेला तेव्हा त्याच्या आजीचं घर पडलेलं होतं. शेजाऱ्याच्या मोडक्या घरात उभं राहून तो कॅमेऱ्यापुढं बोलला. जगातल्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसूनही आजीचं छप्पर वाचवता येत नाही, तर खुर्चीत काय ताकद आहे ते बघा.

आणि बेटावरच्या लोकांनी काय केलं? ‘लवकर आलं’ म्हणून कुणी रडत बसलं नाही. ज्याचा पत्रा सापडला त्यानं तो ठोकून सरळ केला. ज्याची भिंत उभी होती त्याच्याकडं चार कुटुंबं झोपली. ब्रुकलिनला, इंग्लंडात पोट भरायला गेलेल्या नातेवाइकांनी पिंपं भरभरून तांदूळ, कपडे, ताडपत्री, खिळे पाठवले. पिंप म्हटलं की मला धक्का दिसतो. कुणी तरी ते भरलं, कुणी तरी चढवलं, कुणी तरी उतरवलं. परिषदेचा ठराव पोचायच्या आधी पिंप पोचतं. जगातली सगळ्यात खरी मदत पाठीवरून जाते.

इथं एक सुविचार ठोकून बंद करतो. ‘वादळाला जात नसते, धर्म नसतो.’ प्रत्येक वादळानंतर कुठला तरी पुढारी हे बोलतो. वाऱ्याला नसेल. घराच्या जागेला असते. कुणाची वस्ती खाडीच्या तोंडाशी, कुणाची टेकडीवर, हे वाऱ्यानं ठरवलेलं नाही. आणि मदतीच्या रांगेला तर नक्कीच असते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना छावणीत वेगळं काढलं, पाण्याला हात लावू दिला नाही. हे नोंदलेलं आहे. समुद्रानं सगळ्यांना एका लाटेत घेतलं. किनाऱ्यावर आल्यावर माणसांनी पुन्हा वेगळं केलं.

तुम्ही म्हणाल, गोदीतल्या माणसा, तुला कॅरिआकूचं काय पडलंय? सांगतो.

आमच्या बंदरात वादळाचा बावटा चढतो. भारतातल्या बंदरांत त्याचे नंबर आहेत, १ ते ११. १ म्हणजे लांब समुद्रात गडबड. ३ म्हणजे बंदराला वाऱ्याचा त्रास. १० म्हणजे महाधोका. ११ म्हणजे हवामान खात्याशी बोलणंच तुटलं. बावटा चढला की जहाज नांगर उचलून खोल पाण्यात जातं. मालावर ताडपत्री पडते. क्रेनला साखळदंड बसतो. आणि कंत्राटी माणसाला सांगतात, ‘घरी जा.’ खाडा. हजेरी नाही. म्हणून बावटा बघून आमच्यातला कुणी ‘बाप रे, केवढं वादळ!’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आजचा रोज बुडाला.’ लोखंडाच्या कॉइलला संरक्षण आहे, ती भिजली तर नुकसान कुणाचं ते कागदावर लिहिलेलं आहे. माणूस भिजला तर नुकसान त्याचं त्याचं.

मे २०२१ आठवा. तौक्ते. तेही मोसमी पावसाच्या आधी आलेलं जबर वादळ, आणि तेव्हाही हेच शब्द होते, ‘अकाली’, ‘अभूतपूर्व’. मुंबईकर गेटवेवर उसळणाऱ्या लाटांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवत होते. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती. वेल्डर, फिटर, स्वैपाकी, हेल्पर. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधी आलेला होता. तरी बार्ज समुद्रातच राहिलं. १७ मेला बुडालं. ते बार्ज आणि वरप्रदा नावाची टग मिळून ८० च्या वर माणसं गेली. इशारा नव्हता असं कुणी म्हणू नये. बावटा होता. प्रश्न एवढाच की बावटा बघून काम थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात होता. वेल्डरच्या नव्हता.

म्हणून माझं म्हणणं हे. पुढच्या वेळी वादळाची बातमी येईल, ती येणारच आहे, जूनमध्ये येईल नाही तर मेमध्ये, तेव्हा आश्चर्य करायचं काम कोटवाल्यांना करू द्या. आपण विचारायचं, इशारा कधी आला आणि तो कुणापर्यंत पोचला? काम थांबवायचं कुणी ठरवलं आणि थांबलेल्या दिवसाचा रोज कुणी भरला? पैसे आले तर कुठल्या वहीत आले? आणि आपल्या टीमचं विमान सुटलं तरी त्या बंदरात अजून कोण आहे?

हे प्रश्न वस्तीत विचारा, नाक्यावर विचारा, युनियनच्या सभेत विचारा. बावटा चढेल त्या दिवशी कंत्राटी कामगाराला भरपगारी सुट्टी मिळालीच पाहिजे, ही मागणी आपल्या हातची आहे. तिच्यासाठी कुठल्या परिषदेचं तिकीट काढावं लागत नाही. बंदरात, बांधकामावर, समुद्रातल्या बार्जवर, सगळीकडं ती करता येते. या अंकापासून आपण ती करतो आहोत.

एक शेवटची खबर. फार नुकसान करणाऱ्या हरिकेनचं नाव पुन्हा वापरत नाहीत. २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं बेरिल हे नाव यादीतून काढलं. त्या जागी ब्रियाना आलं. वादळाला निवृत्ती मिळते. कॅरिआकूच्या कोळ्याला मिळत नाही, आमच्या टोळीतल्या साठीच्या म्हाताऱ्याला मिळत नाही. तो उद्या सकाळीही गेटवर उभा असेल, बावट्याकडं बघत, आज हजेरी लागते का ते बघत.

त्याच्या शेजारी उभं राहा.